दिल्लीच्या भिंती वाचताना

दिल्लीला जायचे आमचे दोन वर्षांपासून चालले होते. दर सुट्टीत काहीतरी आडवे येई. कधी निवडणुकीची ड्युटी, कधी घरातले आजारपण, कधी तिकीटच मिळत नसे. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र भुसावळहून चार तिकिटे कन्फर्म झाली आणि आम्ही दोघे, थोरली मुलगी आणि आठवीतला धाकटा असे निघालो. जामा मशीद, लाल किल्ला, हजरत निजामुद्दीन औलियांचा दर्गा, हुमायूनचा मकबरा अशी यादी ठरलेली होती. रस्त्यावरच्या भिंती बघायला खास वेळ काढू, असे आमच्या मनातही नव्हते.

ते घडले धाकट्यामुळे. सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी त्याने शेजारच्या काकांच्या कंपाउंडच्या भिंतीवर काळ्या स्प्रेने आपले नाव लिहिले. काकांनी दिवाळीसाठी भिंत नुकतीच पांढरी करून घेतली होती. नाव उर्दूत होते, आणि तेही असे की अलिफ पार वर चढून गेलेला, शेवटचा नून पसरलेला, नुक्ते कुठच्या कुठे उडालेले. आम्ही रोज वर्गात उर्दू शिकवतो, तरी क्षणभर आम्हालाही ते वाचता आले नाही.

रागाच्या आधी भीती वाटली, हे कबूल करायला हवे. सणाच्या तोंडावर एका हिंदू घराच्या भिंतीवर रातोरात उर्दूत काहीतरी लिहिलेले. कोणी त्याचा फोटो काढला, मोबाईलवर फिरवला आणि खाली मनाला येईल तो अर्थ लिहिला तर? फजरची नमाज आटोपून आम्ही बादली, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मुलासह काकांच्या दारात उभे राहिलो. काका बाहेर आले, भिंतीकडे बघितले आणि म्हणाले, "सर, यात लिहिलंय काय?"

आम्ही सांगितले, त्याचेच नाव आहे.

"मग मराठीत लिहायचं की रे," काका धाकट्याला म्हणाले. "कोणाचा कान धरायचा ते मला तरी कळलं असतं."

भिंतीला दोन हात धाकट्यानेच मारले. काकांपुरता विषय संपला. आमच्या घरात मात्र तो सुरूच राहिला. मुलाचे म्हणणे असे की ही ग्राफिटी आहे, कला आहे. जगभर लोक करतात. दिल्लीत तर सरकारच भिंती रंगवायला देते. त्याने मोबाईलवर लोधी कॉलनीचे फोटो दाखवले. तीन-तीन मजल्यांएवढी चित्रे, रंगच रंग. "अब्बू, ते चालतं तर माझं का नाही?"

शिक्षकाने अशा प्रश्नाला "कारण मी सांगतो म्हणून" असे उत्तर देऊ नये, असे बी.एड.ला शिकवतात. देतात सगळेच. पण नकाशात पाहिले तर लोधी कॉलनी निजामुद्दीनपासून रिक्षाच्या अंतरावर होती. म्हटले, जाऊन बघू आणि तिथेच ठरवू.

मुक्काम निजामुद्दीन बस्तीतल्या एका साध्या गेस्टहाऊसमध्ये होता. सकाळी नाश्ता करून आम्ही आधी लोधी गार्डनला गेलो. मोठमोठी झाडे, हिरवळ, धावणारे आणि योगासने करणारे लोक, आणि मध्येच पाचशे-सहाशे वर्षांचे घुमट. इथे पूर्वी खैरपूर नावाचे गाव होते. ते हलवून इंग्रजांनी १९३६ मध्ये बाग केली आणि व्हाइसरॉयच्या पत्नीचे, लेडी विलिंग्डनचे नाव तिला दिले. लोधी गार्डन हे नाव १९४७ नंतरचे. सय्यद सुलतान मुहम्मद शाहचा मकबरा इथेच आहे आणि सिकंदर लोधीचाही.

आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो तो बडा गुंबदला लागून असलेल्या मशिदीत. ती १४९४ सालची. आत गेल्यावर थोरली काही न बोलता मान वर करून उभीच राहिली. मेहराबींवर चुन्याच्या गिलाव्यात कुरआनच्या आयती कोरलेल्या आहेत. अक्षरांच्या मागे वेली, पाने, फुले. पण वेलीने अक्षर झाकलेले नाही आणि अक्षराने वेलीला ढकललेले नाही. वर्गात नस्ख आणि नस्तालीकमधला फरक फळ्यावर खडूने दाखवताना आमची दमछाक होते. इथे कोणा अनाम कारागिराने ओल्या गिलाव्यावर, तो सुकायच्या आत, केवढे काम करून ठेवले आहे! त्याने आपले नाव कुठे टाकले असेल तर आम्हाला ते दिसले नाही.

आणि तिथून जरा खाली, हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, दुसरे लिखाण. बाण लागलेले हृदय, इंग्रजी आद्याक्षरे, कोणाचे तरी नाव आणि अधिक चिन्ह आणि दुसरे नाव, एक तारीख. किल्लीने किंवा खिळ्याने खरवडलेले. बागेतल्या सगळ्याच इमारतींत कमी-अधिक प्रमाणात हे आहे. आपल्याकडे दौलताबादला आणि बीबी का मकबऱ्यातही कोणी वेगळे वागत नाही. धाकटा म्हणाला, "हे तर नुसतं घाण करणं आहे, ही ग्राफिटी नाही."

गंमत अशी की मूळ अर्थाने हीच ग्राफिटी. इटालियन भाषेत खरवडण्यासाठी जे क्रियापद आहे त्यावरून हा शब्द आला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई शहर उकरले तेव्हा त्याच्या भिंतींवर लोकांनी ओरखडलेले मजकूर सापडले. नावे, थट्टा, शिव्या, निवडणुकीचा प्रचार, प्रेमाच्या ओळी. त्या ओरखड्यांना अभ्यासकांनी हे नाव दिले. म्हणजे माणसाला भिंत दिसली की तिच्यावर नाव लिहावेसे वाटते, ही खोड फार जुनी आहे. संरक्षित स्मारकावर ती केली तर आपल्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. हे सांगितल्यावर धाकट्याने हात खिशात घातले. त्याचा तसा काही इरादा नव्हता, पण घातले.

बागेतून बाहेर पडून लोधी रोड ओलांडला की थोड्या अंतरावर लोधी कॉलनी सुरू होते. ही सरकारी नोकरांची वसाहत इंग्रजांनी १९४०च्या दशकात बांधली. नव्या दिल्लीत त्यांनी उभारलेली ही शेवटची वसाहत असे म्हणतात. ठोकळेबाज इमारती, मध्ये उंच कमानी, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडे. रस्त्याकडे येणाऱ्या इमारतींच्या बाजूच्या भिंती मोठ्या आणि सपाट. याच भिंतींवर २०१५-१६पासून देशोदेशीच्या चित्रकारांनी चित्रे काढली. स्टार्ट इंडिया या संस्थेने हे काम उभे केले. घरे सरकारी मालकीची, तेव्हा परवानगीही सरकारी. आज इथे पन्नासहून अधिक भिंती रंगलेल्या आहेत, आणि तिकीट वगैरे काही नाही. आपण चालत सुटायचे.

आम्ही चालत सुटलो. मेक्सिकोच्या सेन्को या चित्रकाराचे पक्षी आहेत, मांजरे आहेत, कुठे भौमितिक नक्षी, कुठे रानातली पाने. आमच्या घरात सजीवांची चित्रे भिंतीवर लावत नाहीत, त्यामुळे तीन मजली मांजर बघून आधी थोडे अवघडल्यासारखे झाले. या विषयावर उलमांनी काय काय म्हटले आहे ते वाचक जाणतात, त्यात इथे शिरत नाही. थोरलीला नक्षीच्या भिंती आवडल्या. तिचे म्हणणे, मशिदीतली वेल आणि ही वेल एकाच घरातल्या वाटतात. धाकट्याला मांजरेच आवडली.

एका भिंतीसमोर झाडाखाली इस्त्रीवाल्याचे टेबल होते. कोळशाची जड इस्त्री, बाजूला कपड्यांची गाठोडी. तिथे एक जोडपे लग्नाआधीचे फोटो काढून घेत होते आणि फोटोवाला इस्त्रीवाल्याला टेबल थोडे बाजूला घ्यायला सांगत होता. त्याने घेतले. ते गेल्यावर आम्ही विचारले, चित्रे झाल्याने बरे झाले की वाईट? "अच्छा हुआ," तो म्हणाला. "पहले इस गली में कोई आता नहीं था। अब आते हैं, और बोलते हैं कि भैया, आप फोटो में आ रहे हो।" तो हसत होता, तक्रार करत नव्हता. पण परवानगीच्या कलेची ही बाजू तिथे गेल्याशिवाय कळली नसती. चित्राची परवानगी घेताना, त्या भिंतीपुढे रोज उभा राहून पोट भरणाऱ्याला कोणी विचारले असेल का?

मग डाकूची भिंत आली. डाकू हे अर्थातच टोपणनाव. या माणसाने पूर्वी दिल्लीच्या भिंतींवर, रात्री, कोणालाही न विचारता, हे दोन अक्षरी नाव लिहिले. तेही देवनागरीत. ग्राफिटी करणारी आपली पोरे इंग्रजी अक्षरे वळवण्यात गुंग असताना याने शिरोरेघ आणि काना घेऊन तीच करामत केली. वाहतुकीच्या 'स्टॉप' लिहिलेल्या पाट्यांवर खाली एखादा शब्द चिकटवून त्याने त्या पाट्यांनाही बोलते केले: थांबवा हॉर्न वाजवणे, थांबवा सोंग करणे, अशा अर्थाचे.

तोच डाकू लोधी कॉलनीत २०१६ मध्ये परवानगीने भिंत घेतो आणि तिच्यावर रंगाने काही लिहीतच नाही. भिंतीतून अक्षरे बाहेर आलेली आहेत, काटकोनात. समोरून पाहिले तर नुसत्या पट्ट्या दिसतात. सूर्य डोक्यावर येऊ लागला की त्यांची सावली भिंतीवर पडते आणि सावलीत शब्द उमटतात. ऊन कलते तशी सावली लांबते, वाकडी होते, शेवटी पुसली जाते. काळ सगळे बदलतो, असे त्या कामाचे नाव आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दिल्लीच्या त्या दिवसांतल्या धुरकटीमुळे ऊन पांढुरके होते आणि सावल्या फिकट. तरी वाचता आले. जुहरची वेळ झाली हे घड्याळाआधी आम्हाला त्या भिंतीने सांगितले म्हणा ना!

धाकटा इथे बराच वेळ बसला. त्याला सावलीचे नवल नव्हते, माणसाचे होते. "म्हणजे हा आधी चोरून लिहायचा, मग विचारून केलं. मग तो ग्राफिटीवाला की स्ट्रीट आर्टवाला?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही तिथेच फुटपाथवर बसून, संत्री सोलत, जमेल तसे उत्तर जुळवले.

आज जिला ग्राफिटी म्हणतात ती १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये एक ग्रीक कुटुंबातला पोरगा सामान पोहोचवायचे काम करी. तो जाईल तिथे 'टाकी १८३' असे लिहून येई. टाकी हे घरचे नाव, १८३ हा राहत्या रस्त्याचा क्रमांक. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि शहरभर मुलांनी आपापली नावे लिहायला घेतली. भुयारी रेल्वेचे डबेच्या डबे नावांनी भरले. त्यांना कोणाचे राज्य उलथायचे नव्हते, कोणाला चित्र दाखवायचे नव्हते. मी इथे आहे, एवढेच सांगायचे होते. तेही सगळ्यांना नाही. ती अक्षरे हळूहळू इतकी वळत गेली की बाहेरच्या माणसाला वाचता येऊ नयेत. एका लिहिणाऱ्याने दुसऱ्या लिहिणाऱ्यासाठी लिहिलेले असे ते. ते स्वतःला चित्रकार म्हणत नसत, लेखक म्हणत.

स्ट्रीट आर्ट त्याच रस्त्यावरून पुढे आली, पण तिचे तोंड दुसरीकडे आहे. तिला जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायचे असते. म्हणून तिथे नावापेक्षा चित्र मोठे असते, साच्यातून मारलेली आकृती असते, चिकटवलेला कागद असतो. इस्त्रीवाल्यालाही कळेल, मुलालाही कळेल असे काहीतरी. ती कधी चोरून केलेली असते, कधी विचारून. लोधी कॉलनीतली प्रचंड चित्रे पूर्ण विचारून, मचाण बांधून केलेली भित्तिचित्रे आहेत. सगळ्याच गोष्टींना आपण एक नाव देतो आणि मग वाद घालतो.

"म्हणजे काकांना माझं नाव वाचता आलं नाही म्हणून ती ग्राफिटी," धाकटा म्हणाला.

हो. आणि भिंत काकांची होती म्हणून तो गुन्हाही. दिल्लीत २००७चा कायदा आहे, मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा. शाई, खडू, रंग, कशानेही लिहिले तरी वर्षभरापर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सूट फक्त एका गोष्टीला: घराच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने आपले नाव-पत्ता लिहिणे. महाराष्ट्रातही १९९५चा असाच कायदा आहे. कायदा राहू द्या, आपल्याला दीनाने काय शिकवले आहे? सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी परवानगी मागायला, सलाम करायला सांगितले आहे. भिंत म्हणजे घराचा चेहरा. उंबऱ्याला जो अदब आहे तो तिलाही असावा, असे आम्हाला वाटते.

एवढे बोलून आम्हाला वाटले, उत्तर दिले. परवानगी म्हणजे कला, परवानगी नाही म्हणजे खोडी. मुलगा मान हलवत होता. पण मनात दोन गोष्टी घोळू लागल्या आणि त्या त्याच्यापासून लपवणे बरे वाटले नाही.

पहिली सीरियाची. २०११ मध्ये दरआ शहरातल्या काही शाळकरी मुलांनी शाळेच्या भिंतीवर सत्ताधाऱ्यांविरुद्ध लिहिले. मुले धाकट्याच्याच वयाच्या आसपासची. त्यांना पकडून नेले, छळले. आईबाप मुलांना मागायला गेले, शहर रस्त्यावर आले, आणि पुढे काय झाले ते जगाने पाहिले. त्या मुलांनी परवानगी कोणाकडे मागायची होती? जिथे परवानगी देणाराच जुलमी असतो तिथे न विचारता लिहिलेल्या ओळीचे वजन वेगळे होते. आपल्या गावातल्या शेजाऱ्याच्या पांढऱ्या भिंतीला आणि त्या भिंतीला एकाच तराजूत घालता येत नाही. मुलाने हे ऐकून फक्त एवढेच विचारले, "ते किती मोठे होते?" आम्ही सांगितले. त्याने संत्र्याची साल खिशात ठेवली.

दुसरी गोष्ट दिल्लीचीच. मे २०१६. लोधी कॉलनीच्या भिंती नव्याने रंगत होत्या त्याच सुमारास यमुनेपलीकडे शाहदऱ्यात दिल्लीचे अखलाक अहमद आणि फ्रान्सचे स्वेन सिमोन हे दोन कलावंत एका भिंतीवर उर्दू शेर रंगवत होते. दिल्ली उजाडते आणि पुन्हा वसते, अशा आशयाचा. चोरून नाही. शहराच्या भिंतींवर दिल्लीबद्दलच्या ओळी लिहायचा तो एक ठरलेला उपक्रम होता. काही लोक जमले, उर्दू चालणार नाही म्हणाले, शेर पुसायला लावला. परवानगी होती, कला होती, दिल्लीचे कौतुक होते. लिपी आडवी आली.

त्या संध्याकाळी जामा मशिदीकडे जाताना आयटीओजवळून गेलो. तिथे जुन्या पोलीस मुख्यालयाच्या इमारतीवर २०१४ मध्ये काढलेले गांधीजींचे चित्र आहे, सुमारे १५० फूट उंच. जर्मनीचे हेंड्रिक बाइकिर्ख आणि आपल्याकडच्या अन्पू वर्की यांनी ते काढले. भिंतीवर लिहिणाऱ्याला पकडायचे ज्यांचे काम, त्यांनीच आपली भिंत दिली. रिक्षावाल्याने मुद्दाम वेग कमी केला. चित्रात नुसता चेहरा, काळ्या-पांढऱ्या छटा. लोधी कॉलनीतल्या सगळ्या रंगांपेक्षा आम्हाला हेच जास्त भावले, का ते सांगता येत नाही.

जामा मशिदीसमोरच्या गल्लीत, कबाबांच्या धुरात, दुकानांच्या पाट्या वाचत बसलो. काही पाट्या अजून हाताने रंगवलेल्या आहेत, उर्दू, हिंदी, इंग्रजी, तिन्ही एका पाटीवर. स्टार्ट इंडियाच्या संस्थापकांपैकी एक हनीफ कुरेशी याच वेडाने झपाटलेले होते. गुजरातमधल्या तळाजा गावचा हा मुलगा, लहानपणी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांकडे बघत वाढला, बडोद्याला कला शिकला आणि पुढे अशा पेंटरांची अक्षरे कॉम्प्युटरच्या टाइपात उतरवून ठेवायचा उद्योग त्याने मांडला. त्यातल्या एका टाइपाला दिल्लीच्या पेंटर कफील यांचेच नाव आहे. फ्लेक्स आल्यापासून आपल्याकडच्या पेंटरांचे काय झाले ते आपण जाणतो. आमच्या गावचे एक पेंटर चाचा आता भाजीची गाडी लावतात, पण गाडीवरची भावाची पाटी बघावी, वळण अजून तेच! हनीफ कुरेशी सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. वय फार नव्हते. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

थोरलीने तिथेच मोबाईलवर आम्हाला ट्युनिसियातली एक मशीद दाखवली. गाबेस शहरातली जारा मशीद. तिच्या मिनारावर २०१२ मध्ये एल सीड या कलावंताने सूरह हुजुरातची आयत लिहिली; अल्लाहने माणसांची कुळे आणि कबिले केले ते एकमेकांना ओळखावे म्हणून, या अर्थाची. मिनार ५७ मीटर उंच. एल सीड पॅरिसमध्ये वाढलेला, आईबाप ट्युनिसियाचे. त्याचे हात ग्राफिटीचे, स्प्रेचा डबा तोच, आणि अक्षर अरबी. मशिदीच्या इमामांनी संमती दिली होती. बडा गुंबदच्या कारागिराचे आणि न्यूयॉर्कच्या टाकीचे असे दोन्ही रक्त त्या मिनारावर एकत्र आलेले दिसते. धाकट्याने तो फोटो आपल्या मोबाईलवर घेतला.

परतीच्या गाडीत, मथुरा मागे पडल्यावर, त्याने वही काढली. आम्ही पातूरची गोष्ट सांगत होतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरची पाटी, वर मराठी आणि खाली उर्दू. नगरपरिषद १९५६ पासून उर्दू वापरत आलेली. तरी त्यावर आक्षेप आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने पाटीवरची उर्दू राहू दिली, आणि भाषेला धर्माशी बांधू नका, ती माणसांची आणि मुलखाची असते, अशा आशयाचे सांगितले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला तो निकाल वाचताना काय वाटले असेल ते वाचकांनी समजून घ्यावे. एक नगरपरिषद, स्वतःच्या इमारतीवर, स्वतःचे नाव. दिल्लीच्या कायद्याने ज्याला सूट दिली आहे नेमके तेच, आणि त्यासाठी दिल्लीच्याच न्यायालयात जावे लागले.

धाकटा ऐकत होता की नाही कळले नाही. वहीत तो शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळची भिंत आखत होता, विटांसकट. मग त्याने विचारले, "या भिंतीसाठी परवानगी कोणाची लागेल?"

"मुख्याध्यापकांची. आणि संस्थेची."

"ते काय विचारतील?"

"काय काढणार, ते विचारतील."

"आणि लिहायचं असेल तर?"

"तर काय लिहिणार, आणि कोणत्या लिपीत, हेही विचारतील."

त्याने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग विटांवर पेन्सिलने काढलेला अलिफ रबरने पुसला आणि त्या जागी मांजर काढायला घेतली.